तेलाची नळी आणि निरोपाचं गाणं

भर समुद्रात, चालता चालता दुसऱ्या जहाजांना तेल पाजणारं आमचं जहाज. त्याचा लाउडस्पीकर माझ्या ताब्यात, आणि त्या दिवशी मी संधीचं सोनं करणार होतो! तेल भरून नळी सोडली, की त्या जहाजाला गाणं लावून निरोप द्यायचा ही आमची रीत. डावीकडे तेल घेणाऱ्या जहाजावर नळी सांभाळायला होते शाझली काका. त्यांच्या मुलीला, नवालला, मी मागणी घातली होती, आणि अलेक्झांड्रियाला उतरल्यावर ते उत्तर देणार होते. खजुराच्या बिस्किटांची टोपली दोरावरून त्यांना आधीच पोचती केली होती. आता फक्त झकास गाणं लावायचं बाकी होतं.

पण उजवीकडेही एक जहाज तेल घेत होतं, आणि त्याचं आधी आटोपलं. मी गाणं लावलं. काकांनाही माझी आवडनिवड कळावी म्हणून चांगलं कान किटेपर्यंत मोठ्यानं लावलं. उजवं जहाज निघालं. आणि डावंही निघालं!

मला काही कळेना. नळी जोडलेली, ती ताणत चाललेली, आणि ही मंडळी निघाली कुठे? तिकडच्या सुकाणूवाल्याला एवढंच ठाऊक, की गाणं लागलं म्हणजे आपण सुटलो.

"गाणं बंद कर, गाढवा," कॅप्टन ओरडले.

मी बंद केलं. डावं जहाज गोंधळून जागेवर आलं, पण आमचं काहीतरी बिनसलं असं वाटून उजवंही मागे वळलं. त्याला तरी घालवावं म्हणून मी घाईघाईनं गाणं पुन्हा लावलं. उजवं गेलं, डावंही गेलं. या खेपेला मात्र नळी निसटली आणि शाझली काका पांढऱ्याशुभ्र गणवेशासकट डिझेलमध्ये न्हाले.

बंदरात मी त्यांना गाठलं. "काका, ते गाणं तुमच्यासाठी नव्हतंच."

"मग कुणासाठी होतं?"

"त्यांच्यासाठी. म्हणजे, ऐकायचं तुम्ही."

काकांनी बाही हुंगून नाक मुरडलं. "पोरीला तूच हवा आहेस, माझा इलाज नाही. पण लग्नात गाणं नाही, बजावणं नाही. साधा डफसुद्धा वाजता कामा नये."

आमच्या गल्लीत असं मुकं लग्न कुणी पाहिलेलं नव्हतं. शेजारी दबक्या पावलांनी आत आले, आईचा हात हातात घेऊन विचारू लागले, "कोण गेलं हो?"

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.