हेशमत आगांचं पहिलं 'नाही'

"दोन दिवस कशाला? एक घास आणि एक घोट पुरे आहे मला," हेशमत आगा म्हणाले. "हॉटेल काय, माणूस काय, गुलाबपाणी काय. नाकाशी धरलं की कळतं, अस्सल की भेसळ."

काशानच्या बाजारात एकतीस वर्षं गुलाबपाणी विकलेल्या माणसाने असं म्हटलं, की समोरच्याने मान डोलवायची असते. मोनीर खानूमनी डोलवली नाही. त्यांच्या लग्नालाही एकतीसच वर्षं झाली होती, त्यामुळे आगांचं नाक त्यांना चांगलं माहीत होतं.

प्रकरण असं होतं. त्यांची एकुलती एक लेक नेगीन तेहरानला दातांची डॉक्टर होती आणि तिने तिथे एक मुलगा पसंत केला होता. रूझबेह त्याचं नाव. शहराच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी जे मोठं काचेचं हॉटेल आहे, तिथे तो मॅनेजर. येत्या शुक्रवारी आईवडिलांना घेऊन तो काशानला रीतसर मागणी घालायला येणार होता. त्याआधी त्याने भावी सासूसासऱ्यांना दोन दिवस हॉटेलात पाहुणे म्हणून बोलावलं.

"बाबा, त्याचं काम बघा, त्याला बघा," नेगीन फोनवर म्हणाली. "तुम्हाला पटलं नाही तर मी पुढे जाणार नाही. पण पटवून घ्या हो."

शेवटचं वाक्य बोलताना पोरीचा आवाज एवढासा झाला. लेकीला नाही म्हणण्याची वेळ हेशमत आगांवर कधी आली नव्हती, आणि येऊ नये असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

आता आगांच्या स्वभावातली एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे कुणी काही पुढे केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा छे छे म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा 'तुम्ही काही ऐकत नाही बुवा' म्हणत घ्यायचं. सगळेच असं करतात. पण हेशमत आगा या शास्त्रातले पंडित. गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी ते आधी दोनदा 'तुमच्यापुढे भाव कसला' म्हणत. दाढ दुखत असताना खुद्द लेकीने 'तोंड उघडा' म्हटलं, तेव्हाही ते म्हणाले होते, "राहू दे गं, तुला कशाला त्रास."

असे हे आगा मंगळवारी सकाळी दोन जड बॅगा घेऊन हॉटेलच्या दारात उतरले. एका बॅगेत कपडे, दुसरीत भेट द्यायला आणलेल्या गुलाबपाण्याच्या बाटल्या. दारावरचा गणवेशातला माणूस लगबगीने पुढे आला.

"बॅगा द्या, आगा."

"नको नको, राहू द्या."

"जशी आपली इच्छा," तो अदबीने म्हणाला आणि बाजूला झाला.

आगांनी बॅगा थोड्या पुढे केल्या. माणूस हसला. आगाही हसले. मग त्यांनीच बॅगा उचलल्या आणि त्या चकचकीत फरशीवरून फरफटत नेल्या.

लिफ्टपाशी यज्द शहराचे एक वयस्कर गृहस्थ उभे होते, पांढऱ्या मिशांचे. लिफ्टचं दार उघडलं.

"आधी आपण," आगा म्हणाले.

"छे, आधी आपण."

"आपण वडीलधारे."

"आपण पाहुणे."

"पाहुणे तर आपणही आहात."

लिफ्ट रिकामीच वर गेली. दुसऱ्यांदा आली, दुसऱ्यांदा रिकामी गेली. तिसऱ्या खेपेला मोनीर खानूम गुपचूप आत शिरल्या आणि एकट्याच सातव्या मजल्यावर पोचल्या. दोघे गृहस्थ शेवटी जिन्याने निघाले. प्रत्येक वळणावर थांबून 'आधी आपण' होत होतं, त्यामुळे सात मजल्यांना पाऊण तास लागला. आगा खोलीत पोचले तेव्हा मोनीर खानूमची आंघोळ झाली होती आणि त्या खिडकीतून डोंगर बघत पिस्ते खात होत्या.

"पिस्ते कुठून आणलेस?"

"त्या छोट्या फ्रीजमधून. पाटी आहे ना तिथे, 'कृपया घ्यावे'."

आगांनी फ्रीज उघडला. आत रस होते, बदाम होते, केक होता. पाटीही होती. पण पाटीने एकदाच म्हटलं होतं. आगा दार उघडं धरून थोडा वेळ उभे राहिले, फ्रीजने पुढे काही आग्रह केला नाही, आणि त्यांनी दार लावून टाकलं.

संध्याकाळी जेवणाच्या दालनात वेटर आला. सडपातळ, टाय लावलेला, आवाजात मध.

"आगा, भातासोबत चेलो कबाब आणू?"

"छे छे, कशाला उगाच. भूकच नाही." सकाळी काशानहून निघाल्यापासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"जशी आपली इच्छा."

आगांनी दुसऱ्या प्रश्नासाठी चेहरा हसरा करून ठेवला होता. हसू तसंच राहिलं, वेटर मात्र मोनीर खानूमकडे वळला.

"मला आणा," त्या म्हणाल्या. "दोन सळ्या. आणि भाताची खालची खरवड असेल तर तीही. करपलेली नको, खरपूस हवी."

आगांनी टेबलाखालून बायकोचा पाय दाबला.

"पाय का दाबताय? मला भूक लागलीय," मोनीर खानूम सगळ्या दालनाला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाल्या.

कबाब आले. केशराचा वास थेट आगांच्या नाकात, त्या एकतीस वर्षांच्या अनुभवी नाकात शिरला. अस्सल होतं. मोनीर खानूमनी विचारलं, "घेता का एक?"

"नको, तू खा."

घरी त्या तिसऱ्यांदाही विचारायच्या. आज त्यांनाही हॉटेलची हवा लागली असावी. त्यांनी मान हलवली आणि सळी संपवली.

खोलीत आल्यावर आगांनी चहाच्या तबकातले साखरेचे खडे खाल्ले. मग भेटीच्या बाटल्यांपैकी एक फोडली आणि बाथरूममधल्या पेल्यात गुलाबाचं सरबत केलं. "हॉटेलचं पाणी तपासतोय," त्यांनी बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला ते सगळ्यांच्या आधी पोचले. इथे कुणी विचारणार नव्हतं. मोठी मोठी भांडी मांडलेली, आपलं आपण घ्यायचं. आगांनी ताट उचललं, आणि समोरून ताट घेऊन आले यज्दचे गृहस्थ. त्यांचाही चेहरा ओढलेला होता.

"घ्या, आधी आपण," यज्दचे गृहस्थ म्हणाले. आवाजात जीव नव्हता, पण रीत ती रीत.

"भलतंच. आपण आधी."

दोघेही गव्हाच्या गरम हलिमच्या भांड्यापाशी उभे राहिले. मागची माणसं वळसा घालून घेऊन गेली. जर्मन आले, चिनी आले, एक अख्खं वऱ्हाड येऊन जेवून गेलं. दहा वाजता वेटर आले आणि भांडी उचलून घेऊन गेले.

"आपण काही ऐकत नाही बुवा," यज्दचे गृहस्थ रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुपारी रूझबेह स्वतः भेटायला आला. उंच, नीटनेटका, बोलताना कानांच्या पाळ्या लाल होणारा मुलगा. आगांना तो बघताक्षणी आवडला. त्याने गझचा डबा उघडला. पांढरीशुभ्र मिठाई, त्यात हिरवे पिस्ते खच्चून भरलेले.

"आगा, माझ्या हातचं एक तरी घ्या."

"नको बाळ, या वयात साखर..."

मुलाचा चेहरा पडला. "जशी आपली इच्छा," तो हळूच म्हणाला आणि डबा मिटला. आगांचा हात अर्ध्यापर्यंत वर आला होता. त्यांनी तो मिशीवरून फिरवला आणि खाली नेला.

तो गेल्यावर मोनीर खानूम म्हणाल्या, "खोली आवरणाऱ्या बाईने मला सगळं सांगितलंय. आधी इथले वेटर परदेशी पाहुण्यांना इतका आग्रह करायचे, की एक बाई रडतच उठून गेली. मग यांनी नियम केला. एकदाच विचारायचं. नाही म्हटलं की नाही. तेव्हापासून हॉटेल भरलेलं असतं म्हणे."

"यांनी म्हणजे कुणी?"

"तुमच्या होणाऱ्या जावयाने."

"माणसाला एकदाच विचारतात?" आगा पलंगावर बसले. पलंग इतका मऊ होता की राग धड व्यक्त करता येईना. "पोलीस चौकीतसुद्धा दोनदा विचारतात, खानूम."

रागाच्या भरात त्यांनी मनातल्या मनात हॉटेलचा निकाल लावून टाकला. गादी उत्तम, गरम पाणी उत्तम, डोंगर उत्तम, माणुसकी शून्य. सगळी भेसळ. पण मग त्यांना नेगीनचा तो एवढासा आवाज आठवला. पोरगी काही हॉटेलशी लग्न करत नव्हती. शिवाय मुलाच्या कानांच्या पाळ्या अस्सल होत्या. हो म्हणायचं, त्यांनी ठरवलं, आणि साखरेचे आणखी चार खडे तोंडात टाकले.

गुरुवारी सकाळी निघताना रूझबेह दारापर्यंत पोचवायला आला. मोनीर खानूम टॅक्सीत बसून बॅगा लावत होत्या. मुलाच्या हातात पाहुण्यांच्या अभिप्रायाचा कागद होता.

"काही कमी पडलं का, आगा?"

"छे, काही म्हणजे काही नाही," आगा म्हणाले. पोटात गुरगुर झाली, ती त्यांनी खाकरून झाकली.

रूझबेहने कागद घडी करून खिशात ठेवला. मग पाळ्या लाल करत त्याने विचारलं, "तर मग... उद्या आम्ही यावं ना, आगा?"

हेशमत आगांच्या मनात हो होतं. पोटातही होच होतं. पण जिभेला कुणी विचारलंच नव्हतं.

"अहो, कशाला एवढी तसदी," जीभ म्हणाली. "तीन तासांचा रस्ता. तुमच्या आईवडिलांना उगाच दगदग. आमची मुलगी तरी अशी कोण लागून गेलीय."

आणि हसरा चेहरा करून ते दुसऱ्या प्रश्नाची वाट बघू लागले.

रूझबेह पांढरा पडला. त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली, टॅक्सीचं दार उघडून धरलं. "जशी आपली इच्छा, आगा."

वाटेत आगा खुशीत होते. आता संध्याकाळपर्यंत मुलगा फोन करेल, मग त्याचे वडील करतील, आणि मग आपण हो म्हणू. मोनीर खानूमनी घरी पोचल्या पोचल्या अंगण धुतलं, द्राक्षं धुतली, ठेवणीतले काचेचे पेले काढले. फोन काही वाजला नाही. अंधार पडायच्या सुमाराला दार वाजलं. नेगीन आली होती, डोळे सुजवून.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात."

"मी? कधी?"

"त्याला वाटलं नव्हतं तुम्ही इतकं तोडून सांगाल म्हणून. दोन दिवस त्याच्याकडे राहिलात आणि त्याच्या मिठाला शिवला नाहीत. बॅग दिली नाहीत, जेवला नाहीत, त्याने स्वतः पुढे केलेला गझ परत पाठवलात. आणि वर सांगितलंत, येऊ नका. त्याच्या आईने उद्यासाठी सांगितलेली फुलंसुद्धा नको म्हणून कळवलं."

"अगं, पण ते माझं पहिलं नाही होतं."

"त्याला कसं कळणार ते?" नेगीन म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली. रडण्याचा आवाज येत नव्हता, तेच वाईट होतं.

मोनीर खानूम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पोरीचं लग्न मोडलंत तुमच्या आढ्यावेढ्यांनी. आता तुम्ही विचारा त्याला. आणि तो हो म्हणेपर्यंत विचारा."

शुक्रवारी सकाळी आगांनी फोन हातात घेतला. रात्री कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"बाळ, तुम्ही सगळे आज या."

"नको, आगा. आपल्याला आमची अडचण नको."

आगांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. हे पहिलं नाही आहे की खरं नाही? दोन्ही ऐकायला अगदी सारखीच होती. हॉटेलातला तो टाय लावलेला वेटर त्यांना आठवला, आणि त्या बिचाऱ्याचं त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"अरे, खानूमनी सगळी तयारी केलीय. याच."

"नको, आगा, खरंच. माझ्यासाठी आपण मन मारू नका."

नेगीन दारात येऊन उभी राहिली होती. हातातल्या टॉवेलला ती असा पीळ देत होती, जणू त्यातलं शेवटचं पाणी काढायचंय.

"हे बघ बाळ," आगा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरळ सांगून टाकलं. "मला भूक लागली होती. दोन दिवस लागली होती. मी साखरेचे खडे खाऊन राहिलो. तुझे कबाब मला हवे होते, तुझा गझ मला हवा होता. आणि माझ्या पोरीसाठी मला तू हवा आहेस. आता तरी ये रे बाबा."

"साखरेचे खडे, आगा? किती?"

"सव्वीस."

मग पलीकडून आधी एक हुंदका आला की हसू, ते आगांना नीट कळलं नाही. "आपण काही ऐकत नाही बुवा," रूझबेह म्हणाला. "अर्ध्या तासात निघतो आम्ही. आईला फुलं घ्यायला सांगतो."

नेगीनने टॉवेल टाकला आणि बापाच्या गळ्यात पडली. आगांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि एकदम हलके होऊन खुर्चीत टेकले. स्वयंपाकघरातून केशर-भाताचा वास येत होता. मोनीर खानूम पातेल्याचं झाकण उघडून हातात डाव घेऊन उभ्या होत्या.

"पाहुणे यायला चार तास आहेत," त्या म्हणाल्या. "दोन घास खाऊन घेता का?"

"नको गं," हेशमत आगा म्हणाले, "उगाच तुला त्रास..."

मोनीर खानूमनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"जशी आपली इच्छा," त्या म्हणाल्या.