फलाट क्रमांक तीनवरचा लव्हाळा

सकाळी साडेसहाला उठायचं असलं तर आमच्या घरात गजर लावावा लागत नाही. भिंतीपलीकडून घोषणा होते. "फलाट क्रमांक तीनवर लव्हाळा आलेला आहे. फलाट क्रमांक एकवर आघाडा उभा आहे. आघाड्याला ताबडतोब खाली उतरवण्यात येत आहे." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं दुधाचं पातेलं कलंडलं होतं. आता घोषणा झाली की आम्ही चहा टाकतो.

घोषणा करणारे वसंतअण्णा. भोर गावाबाहेर महाडच्या रस्त्याला आमची आठ-दहा घरांची वसाहत आहे, तिथं ते आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. निम्मी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली आणि उरलेली निम्मी स्टँडवर कंट्रोलर म्हणून. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली, पण ती बातमी त्यांच्या घशापर्यंत अजून पोचलेली नाही. ते मंडईत जात नाहीत, मंडईला सुटतात. पाहुणा आला की "बसा" म्हणायच्या आधी "मुक्कामी का परत?" असं विचारतात. माझ्या नणंदेला एकदा असं विचारलं, तेव्हा ती खरोखरच परत गेली.

अशा माणसानं गेल्या वैशाखात हातात पहार घेतली आणि स्वतःच्या अंगणातली शहाबादी फरशी उखडायला सुरुवात केली. फरशी चांगली होती. इतकी गुळगुळीत की वसाहतीतल्या सगळ्या बायका तिच्यावर पापड घालायला यायच्या. चार दिवसांत अण्णांनी ती सगळी काढून भिंतीला उभी करून ठेवली. मी विचारलं, "अण्णा, हे काय?" तर म्हणाले, "हितं हिरवळ करायचीय. दिवाळीला तयार पायजे. टायम म्हंजे टायम."

आता हिरवळ ही काय चीज आहे हे आम्हाला ठाऊक होतं. धरणाच्या काठानं अलीकडं जी रिसॉर्टं झालीत, त्या प्रत्येकापुढं ती अंथरलेली असते आणि तिच्यावर पुण्याची माणसं अनवाणी चालत स्वतःचे फोटो काढतात. जन्मभर खाकी कपड्यांत घाम गाळलेल्या माणसाला म्हातारपणी साहेब व्हायची हुक्की आली, असा निकाल वसाहतीनं एकमतानं दिला. माझंही मत त्यात होतं, आणि सगळ्यांत मोठ्यांदा होतं. शाळेत मराठी शिकवत असल्यामुळं मला टोमणे बरे जमतात.

हसण्यापलीकडं थोडा रागही होता. अण्णांची बायको शेवंताकाकी. गेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ वाळत घालताना पाय घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. पुण्याला ऑपरेशन झालं, आत सळई घातली. हाड जुळलंय, आता चाला, असं डॉक्टर उन्हाळ्यापासून सांगत होते. पण काकी वॉकर धरून पलंगापासून दारातल्या खुर्चीपर्यंत येत आणि तिथंच थांबत. उंबरा काही ओलांडत नसत. "पाय हाय गं बाई, धीर न्हाई," म्हणायच्या. बायको अशी दारात बसलेली, आणि नवरा तिच्यापुढं दिवसभर मातीत ओणवा. आम्हाला ते बघवत नसे.

अण्णांनी पुण्याहून बियाणं आणलं. पाकिटावर परदेशी बंगला, बंगल्यापुढं हिरवळ आणि हिरवळीवर एक केसाळ कुत्रा. अण्णा ते पाकीट खिशात ठेवून हिंडत आणि रोज अंगण आणि चित्र ताडून बघत. इथवर सगळं ठीक होतं. पण जमिनीत चांगलं कुजलेलं खत हवं म्हणून त्यांनी स्वतःच्या गावाहून, हिर्डोशीहून, टेम्पोभर शेणखत मागवलं. "पुन्याचं बी, गावचं खत," असं वसाहतभर सांगितलं. आता गावचा बैल डोंगरावर काय काय खातो आणि त्याच्या शेणात कशाकशाचं बी असतं, हे त्याच गावात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगायचं?

श्रावणात पावसाचा जोर ओसरल्यावर अण्णांनी बी फेकलं. आठ-दहा दिवसांनी केसासारखी बारीक हिरवी पाती वर आली, आणि तिच्या मागोमाग अख्खं हिर्डोशी उतरलं. आघाडा आला, तांदुळजा आला, घोळ, आंबुशी, गाजरगवत, लव्हाळा, हरळी, सगळी मंडळी आपल्या गावच्या माणसाकडं हक्कानं आली. पुण्याची पाती त्यांच्यात नव्या सुनेसारखी अंग चोरून उभी.

त्या दिवशी अण्णांमधला कंट्रोलर पुन्हा कामावर रुजू झाला. अंगणाला सुतळ्या बांधून त्यांनी चार फलाट पाडले. तण म्हणजे बिनतिकीट प्रवासी. उपटणं म्हणजे खाली उतरवणं. कंडक्टर असतानाचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा त्यांनी जपून ठेवलेला, तो पेटीतून बाहेर निघाला. ज्या रोपाबद्दल खात्री नसेल त्याच्या पानाला ते एक भोक पाडत. दोन दिवसांनी ते भोकाचं पान शोधून काढत, वाकून न्याहाळत, आणि मग त्याचा निकाल लावत. मी एकदा माझ्या तुळशीच्या पानालाही भोक पाहिलं. विचारलं तर म्हणाले, "भिंतीवरनं वाकून आलं हुतं इकडं. इच्यारलं."

चेष्टा बाजूला ठेवली तर काम अवघड होतं. पेरलेलं गवत अजून इतकं कोवळं की शेजारचं तण ओढलं की तेही मुळासकट हातात यायचं. तण ठेवलं तर ते गवताला गिळणार. म्हणून अण्णा काकींचा केसांतला आकडा घेऊन मूळ सोडवत. एका हाताच्या दोन बोटांनी नवं पातं मातीत दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं तण काढायचं. लव्हाळ्याला तर तेही पुरत नाही. वरून ओढला की तुटतो आणि खालची गाठ दुसऱ्या दिवशी नवं पातं वर पाठवते. एकच लव्हाळा अण्णांनी फलाट क्रमांक तीनवर अकरा वेळा उतरवला. बाराव्या वेळी म्हणाले, "ह्यो हितला पासवालाच दिसतोय."

गणपतीत त्यांची चंगळ झाली. दुर्वा म्हणजे हरळीचीच कोवळी पाती, आणि हरळी तर अंगणभर पसरलेली. वसाहतीतल्या पोरी दुर्वा मागायला आल्या की अण्णा फाटक सताड उघडत आणि बजावत, "मुळासकट न्या. देवाला काय चालत न्हाई असं नसतंय." माझ्या गणपतीपुढं त्या वर्षी मातीचं ढेकूळ लागलेल्या दुर्वा होत्या.

त्याच दिवसांत एकदा मी बोलून गेले. शाळेतून दमून आले होते. काकी दारात भिंतीला डोकं टेकून बसलेल्या, आणि अण्णा एका पात्याला टेकू देत होते. मी भिंतीवरून म्हटलं, "अण्णा, त्या गवताला जपता तेवढं काकींना जपलं असतं ना, तर एव्हाना त्या मंडईत गेल्या असत्या." अण्णांनी वर पाहिलं नाही. हातातलं पातं सरळ केलं आणि म्हणाले, "टायम व्हायचाय अजून." मला वाटलं, ह्या माणसाला काही बोलण्यात अर्थ नाही.

भाद्रपद संपत आला तसा अण्णांचा धीर सुटायला लागला. तण वाढतच होतं आणि दिवाळी जवळ येत होती. शेवटी त्यांनी हिर्डोशीला निरोप धाडला. भातलावणी होऊन बायका जरा मोकळ्या झाल्या होत्या. शनिवारी सकाळच्या एसटीनं तान्हाबाई आणि तिच्या दोघी जोडीदारणी खुरपी घेऊन उतरल्या. तान्हाबाईचं सगळं आयुष्य भांगलणीत गेलेलं. तिच्या खुरप्याखालून तण सुटत नाही अशी तिची पंचक्रोशीत ख्याती. नेमकी त्याच दिवशी काकींना पुण्याला दाखवायची तारीख होती. निघताना अण्णांनी बायकांना तीनदा सांगितलं, "तण म्हनून हितं येक ऱ्हाता कामा नये." मग मला म्हणाले, "मॅडम, तुमची शाळा सकाळची. दुपारनं लक्ष ठिवा."

मी दुपारी घरी आले तेव्हा तिघी ओळीनं बसून सरकत होत्या. एवढं सुरेख काम मी कधी पाहिलं नव्हतं. माती अशी निघत होती की चाळलीय म्हणावं. मी त्यांना चहा दिला, तोंड भरून कौतुक केलं, आणि वह्या तपासायला आत गेले. पाच वाजता अण्णांची गाडी आली. काकींना धरून उतरवलं, फाटक उघडलं, आणि अण्णा तिथंच उभे राहिले.

अंगणात गवताचं एक पातं शिल्लक नव्हतं. मधूनमधून तांदुळजाचे, घोळीचे आणि आंबुशीचे हिरवे गुच्छ मात्र व्यवस्थित राखून ठेवलेले, भोवतीची माती हातानं सारखी केलेली. तान्हाबाई पदरानं तोंड पुसत पुढं आली आणि म्हणाली, "गवात येकबी ठिवलं न्हाई, दाजी. भाजी तेवडी ऱ्हाऊ दिली. तांदुळजा कवळा हाय, उद्या खुडा."

तिचं काय चुकलं? भातात काय, नाचणीत काय, तिनं जन्मभर गवत उपटलं आणि भाजी ओटीत घातली. कुणी माणूस मुद्दाम गवत पेरतो आणि भाजीला तण म्हणतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी, लक्ष ठेवायला बसवलेली शिकलेली बाई, मलाही दिसलं नव्हतं. वैशाखापासून अण्णांच्या हिरवळीची टवाळी केली, पण तिच्यातलं पेरलेलं कुठलं आणि उगवलेलं कुठलं हे मी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, आता स्टँड हादरवणारा आवाज निघणार. अण्णांनी अंगणभर एकदा नजर फिरवली. खिशातलं पाकीट काढलं, पाहिलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "काम झ्याक केलंसा. चला, हिर्डोशीची गाडी चुकंल." तिघींना घेऊन स्वतः स्टँडवर गेले आणि जागा मिळवून बसवून आले. दुसऱ्या दिवशी काकींनी माझ्याकडं वाटीभर तांदुळजाची भाजी पाठवली. ती मी नवऱ्याच्या पानात वाढली.

घोषणा बंद झाल्या. पहिले दोन दिवस वसाहतीला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याची पहिली गाडी चुकली आणि आम्ही मोबाईलवर गजर लावला. नव्यानं पेरून दिवाळीपर्यंत काही होणार नव्हतं, हे अण्णांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. ते आता काकींच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसून असत. मी दोनदा माफी मागायला गेले आणि दोन्ही वेळा हवेबद्दल बोलून परत आले.

दसरा झाला आणि हरळीनं डोकं वर काढलं. तान्हाबाईच्या खुरप्यानं तिचे जेवढे तुकडे झाले होते, तेवढ्या हरळ्या झाल्या. पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटून ती चारी बाजूंनी सरपटत आली आणि पंधरा दिवसांत सुतळ्या झाकून गेल्या. अण्णा बघत होते आणि हात लावत नव्हते. उलट संध्याकाळी झारीनं पाणी घालत होते. मी न राहवून म्हटलं, "अण्णा, हरळी आहे ती."

"दिसतीया की."

"काढायची नाही?"

"बिनतिकीट हाय," अण्णा म्हणाले. "पर गाडी रिकामीच चाललीया न्हवं. बसू द्या तिला."

नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळी उरकून मी रांगोळी घालायला बाहेर आले. नुकतं फटफटत होतं. भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला, पण दबका. "येऊ द्या. येऊ द्या. जरा डाव्या अंगाला घ्या. येऊ द्या." स्टँडवर गाडी मागं घेताना कंडक्टर म्हणतो ना, तसं. मी भिंतीवरून पाहिलं.

शेवंताकाकी उंबऱ्याच्या बाहेर होत्या. अनवाणी, हरळीत. वॉकर पायरीशी उभा. अण्णा त्यांच्या तोंडासमोर, दोन्ही हात पुढं धरून, त्यांना न शिवता, एकेक पाऊल मागं मागं सरकत होते. काकींची नजर त्यांच्या हातांवर. पाच पावलं झाली, सहा झाली. सातव्याला काकींचा गुडघा लचकला. अण्णांनी दंड धरला, पण तोल सावरला नाही, आणि काकी धप्पकन गवतात बसल्या.

काकींनी मांडी चाचपली. बूड जरा हलवून पाहिलं. मग एखाद्या पोरीसारखं हसून म्हणाल्या, "अवो, लागलं न्हाई."

तीळ त्या कुठं वाळत घालत होत्या, ते मला तेव्हा आठवलं. ती गुळगुळीत फरशी अजून भिंतीला उभी होती. आणि मी त्या माणसाला साहेब म्हणून हिणवलं होतं, बायकोला जपा म्हणून उपदेश केला होता. रांगोळीचा डबा हातात धरून मी तिथंच रडले.

अण्णांनी काकींना उठवलं, उभं केलं, साडीला लागलेली काडी झटकली. मग छाती भरून श्वास घेतला, आणि महिन्याभरात पहिल्यांदा सगळी वसाहत दणाणली.

"फलाट क्रमांक तीनवर शेवंताबाई आलेल्या आहेत."

आतून नवऱ्यानं विचारलं, "साडेसहा झाले?" मी डोळे पुसले आणि चहा टाकायला गेले.