आधी शेवट पाहणारे हिरामण आप्पा

आमच्या शेजारचे हिरामण आप्पा सिनेमा शेवटाकडून बघतात. रिमोट घेऊन आधी थेट सिनेमाच्या टोकाला जायचं, कोण जगलं आणि कोण मेलं याची खात्री करून घ्यायची, मगच पहिल्यापासून लावायचा. एवढ्यावर थांबले असते तर माझी काही तक्रार नव्हती. ज्याचा टीव्ही त्याचा शेवट. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर उभे राहून तो शेवट अख्ख्या गल्लीला सांगतात.

आप्पा मूळचे शिरपूरकडचे. उमेदीची सगळी वर्षं इथे सुरतेच्या पॉवरलूमवर गेली, आणि लूमच्या खडखडाटाने कान अर्धे खाल्ले. त्यामुळे आपण हळूच सांगतोय अशा समजुतीने ते जे बोलतात ते नवागामच्या नाक्यापर्यंत जातं. त्यांच्या मतात दोनच शब्द महत्त्वाचे, दोन्ही घरच्या अहिराणीतले. 'जगस' म्हणजे जगतो आणि 'मरस' म्हणजे मरतो. "तो कोर्टाचा पिक्चर पाहा वहिनी, चांगला आहे. म्हातारी जगस." किंवा, "बेटावरचा लावूच नका. कुत्रं मरस." नट कोण, गाणी कशी, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

माझ्या बायकोने एकदा खुनाचा सिनेमा निम्मा पाहून उरलेला रविवारसाठी राखून ठेवला होता. आप्पांनी शनिवारी दूध घेता घेता खुनी सांगून टाकला. बायको म्हणाली, आप्पांना समजावा, नाहीतर मी जाऊन त्यांच्या टीव्हीची वायर कापते. मी समजवायला गेलो.

"भाऊ," आप्पा म्हणाले, "तुम्ही एसटीत चढण्याआधी पाटी बघता ना? का आधी बसता, आणि मग विचारता गाडी धुळ्याला चालली का यमाकडे?"

मी एका डाइंग मिलच्या फोल्डिंग खात्यात आहे. कापडाचा तागा मोजल्याशिवाय त्यावर मीटर लिहीत नाही, आणि दुसऱ्याने मोजलेल्यावर सही करत नाही. मालकही यावरून मला हसतात. खात्री करूनच पुढे जाणाऱ्या माणसाशी मी भांडणार तरी कसा?

समोरच्या मनसुखभाईंनी वेगळा उपाय काढला. आप्पा दिसले की ते "आप्पा, एन्ड नहीं बोलने का," म्हणत दोन्ही कान झाकून घ्यायचे. पण लूमच्या माणसापुढे कान झाकून काय होतं? लूमच्या शेडमध्ये कोणाचं कोणाला ऐकूच येत नाही. कारीगर एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात आणि हातांनी उत्तर देतात. तळहात आडवा धरून धागा नेणाऱ्या धोट्यासारखा इकडून तिकडे फिरवला की लूम चालू आहे. मूठ आवळली की बंद पडलं. मनसुखभाईंनी कान झाकले की आप्पा रस्त्याच्या पलीकडून शांतपणे मूठ आवळून दाखवायचे. संपला हिरो. मनसुखभाई तसेच कान झाकून घरात जायचे आणि गुजरातीत काहीतरी पुटपुटायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आप्पांचे सिनेमे बहुतेक भीतीचे असत, आणि मतं सिनेमापेक्षा भयंकर. "भूत ठीक होतं हो. पण जिन्यात बल्ब नाही. बल्ब असता तर पोरगी जगली असती." त्याच दिवशी ते स्टूल घेऊन आमच्या जिन्यात बल्ब लावत होते. टाकीत बुडालेल्या माणसाचा सिनेमा पाहिला आणि सोसायटीच्या टाकीच्या झाकणावर असा दगड आणून ठेवला, की पाणी बघायचं तर दोन गडी लागावेत. एका सिनेमात गॅसने घर उडालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचं दार वाजवून विचारलं, सिलिंडरचा खटका बंद आहे ना? मी हसून दार लावलं. मग जाऊन खटका पाहिला. थोड्या वेळाने पुन्हा पाहिला. भीती ही खोकल्यासारखी आहे, शेजारून येते. हल्ली कपाट उघडतानाही मी एक पाऊल मागे उभा राहतो.

एका सुट्टीच्या दुपारी बायकोने मला वाटीभर आमटी घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत आप्पांच्या बायको, कमलकाकू, झोपल्या होत्या. बाहेर आप्पा पाय वर घेऊन खुर्चीत बसलेले, उशी छातीशी घट्ट धरलेली, एक डोळा मिटलेला. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. पडद्यावर एक बाई मेणबत्ती घेऊन तळघरात उतरत होती. मी नुसता खांद्याला हात लावला. आप्पा जागेवरून उडाले, आणि आमटी माझ्या सदऱ्यावर.

"आप्पा, इतकी भीती वाटते तर बघता कशाला?"

"मला कुठे आवडतात हो, भाऊ," ते म्हणाले. त्या दिवशी ते खरोखरच हळू बोलले. "हिला आवडतात."

काकूंच्या हृदयाची झडप खराब झाली होती. छातीला धक्का बसेल असं काही नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आप्पांनी देवाधर्माचे सिनेमे लावून पाहिले. काकू म्हणाल्या, याने मला झोप येते, तळघराचा लावा. तेव्हापासून आप्पा दुपारी एकटेच घाबरून घेत. संध्याकाळी काकू शेजारी बसल्या, संगीत चढायला लागलं, की त्या विचारत, "जगस का वो?" आणि आप्पा जे असेल ते सांगत.

"मरणार असेल तरी?"

"मरस सांगतो. एकदा खोटं सांगितलं तर पुढच्या वेळी माझ्या शब्दावर ती सिनेमाला कशी बसेल?"

मी विचारलं, मग गल्लीला का सांगता? आप्पांनी उशी जागेवर ठेवली. "कोणाच्या छातीत काय आहे, आपल्याला काय ठाऊक?"

थंडी सरता सरता काकूंची झडप बदलायचं ठरलं. इथे मी आप्पांच्याच पद्धतीने शेवट आधी सांगून टाकतो: काकू जगस. आता ओट्यावर बसून भाजी निवडतात आणि मनसुखभाईंना चिडवतात. मात्र ऑपरेशनच्या सकाळी हे आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं.

त्यांची लेक शिरपूरहून अजून पोचायची होती. आप्पांना डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकू येत नसे, म्हणून त्यांच्या कानांसाठी मी हॉस्पिटलात सोबत गेलो. डॉक्टर भला माणूस. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, चिंता न करो, बधुं सारुं थशे." सगळं चांगलं होईल. मी ते आप्पांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे यांनीपण शेवट पाहिलेला नाही."

काकूंना नेलं. ऑपरेशनच्या खोलीआधी काचेचं एक दार होतं. त्याच्या आत स्ट्रेचर थोडा वेळ थांबला. पुढे जायला आम्हाला मनाई. काचेतून आवाज येत नव्हता. काकूंनी मान वळवली, आप्पांना शोधलं, आणि त्यांचे ओठ हलले. मी कधी लूमवर काम केलेलं नाही, पण ते मलाही कळलं. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी ऐकलेले शब्द ते.

जगस का वो?

आप्पा नुसते उभे. हात खाली लोंबकळत होते. मला वाटलं, हा माणूस आता काहीच सांगणार नाही. त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं तो सांगत नाही. काकू वाट पाहत होत्या. वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकलायला घेतला. तेव्हा आप्पांचा उजवा हात वर गेला, तळहात आडवा झाला आणि धोट्यासारखा इकडून तिकडे फिरला. चालू आहे. काकूंनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांना आत नेलं.

आप्पा बाकावर येऊन बसले. चेहरा एखादा गुन्हा करून आल्यासारखा.

"भाऊ, मी न पाहता सांगितलं."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"ती माझ्या शब्दावर आत गेली. आणि मी पाहिलेलं नाही."

"बरोबर सांगितलंत," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. माझा स्वभाव त्यांना पक्का माहीत होता. मीटरपट्टी लावल्याशिवाय हा माणूस आकडा बोलत नाही, हे त्यांनीच गल्लीत कितीदा सांगितलं होतं. "तुम्ही पाहिलंय?"

"पाहिलंय, आप्पा."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, ओठ ओळखायला बघतात तसे. मग त्यांनी डोकं भिंतीला टेकवलं. उजवा हात गुडघ्यावर आडवा पडला होता आणि सावकाश इकडून तिकडे फिरत होता. आतून निरोप येईपर्यंत तो थांबला नाही.