दिवसभर घरी बसणारा हवा

"घर कसं निवडावं ते माझ्याकडून शिका," असं चोखंदळरावांनी परदेशी निघण्याआधीच जाहीर केलं होतं. हे नाव त्यांना बायकोने ठेवलेलं. वांगी आणायला गेलेला माणूस भाजीवालीची अख्खी टोपली उलथीपालथी करून एक लिंबू घेऊन परत येतो, त्याला दुसरं काय म्हणणार!

नोकरी लॅपटॉपवरची. महिनाभर परदेशातून काम करायला साहेबांनी परवानगी दिली होती, पण दम भरूनच. "मीटिंगमध्ये एकदा जरी गोंधळ झाला, तर परत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायचं." ती खुर्ची बरोबर साहेबांच्या शिंकेच्या टप्प्यात होती आणि साहेबांना सर्दी बारमाही.

म्हणून चोखंदळरावांनी फोनवर घरं बघबघ बघितली. एकाचे पडदे डोळ्यांत खुपले, एकाचा नळ तिरका वाटला. शेवटी सामानासकट एक घर पसंत पडलं. भलंमोठं टेबल, उंच पाठीची खुर्ची, भाडं निम्मं. खाली अट एकच: दिवसभर घरी बसून काम करणाऱ्यालाच प्राधान्य.

"बघ, बाहेरच्या जगात कदर आहे माझी," ते बायकोला म्हणाले.

"एवढं स्वस्त का देतोय, ते विचारलंत का?"

"तुझा ना, कुणावर विश्वासच नाही."

घर अगदी फोटोतल्यासारखं निघालं. चोखंदळरावांनी टेबलाचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग होती. साहेबही हजर. चोखंदळरावांनी घसा साफ करून बोलायला सुरुवात केली आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरली. घरमालक आत आला. त्याच्यामागे एक जोडपं.

"तुमचं चालू द्या," घरमालक कुजबुजला.

बाईंनी पलंगावर बसून दोनदा उसळून पाहिलं. नवऱ्याने कपाट उघडलं, त्यातून चोखंदळरावांचे बनियन बाहेर पडले.

"मागे कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"पाहुणे आहेत, सर."

"ते तुमच्या गादीखाली काय शोधताहेत?"

चोखंदळरावांनी घाईघाईने आवाज बंद केला. "अहो, हे काय चाललंय?"

"खाली माझं फर्निचरचं दुकान आहे ना," घरमालक म्हणाला. "दुकानात मांडलेल्या वस्तूवर लोकांचा भरवसा बसत नाही. कुणी वापरताना दिसलं की पटकन घेतात. म्हणून तर भाडं कमी. तुम्ही फार छान बसता हो."

तेवढ्यात जोडप्याला टेबल पसंत पडलं. दोन हमाल वर आले आणि त्यांनी ते लॅपटॉपसकट उचललं. बिचारे चोखंदळराव आवाज चालू करून, विक्रीचे आकडे समजावत, टेबलाबरोबर दारापर्यंत चालत गेले. जिना आला तसा लॅपटॉप छातीशी धरून ते परत खुर्चीत येऊन बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण तोंड चालूच होतं.

शेवटी मीटिंगमधलं गिऱ्हाईक म्हणालं, "एक विचारू? ही खुर्ची कुठे मिळते?"

साहेबांनी परवानगी तिथल्या तिथे रद्द केली. गिऱ्हाइकाच्या पसंतीला मान म्हणून तसलीच एक खुर्ची ऑफिससाठी मागवली, आणि ती आपल्यासमोर ठेवली.

चोखंदळराव आता तिच्यातच बसतात. मागच्या टेबलावरची मंडळी तिच्यावर फार खूश आहेत. पाठ इतकी उंच आहे की साहेबांची शिंक मागे जातच नाही, सगळी चोखंदळरावांवरच थांबते.