मुंगूस सरांचा खो-खोचा संघ

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. हसताय काय? विद्यापीठ आलं म्हणून जंगल जातं, असं थोडंच आहे!

तिथे खो-खो शिकवायला एक मुंगूस होता. चपळ, तरतरीत आणि तासिका तत्त्वावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार बंद, पिल्लांची भूक मात्र चालू. कुलगुरू हत्तीसाहेबांनी त्याला शब्द दिला होता, "मुंगूस सर, यंदा आंतरजंगल चषक आणा. तुम्हाला कायम करून टाकतो."

मुंगूस कामाला लागला. माळावरच्या कॉलेजात त्याला एक ससा सापडला. काय पळायचा! मुंगूस सर शिट्टी वाजवायची विसरून बघत बसायचे.

मग निवड समिती बसली. तिथला रिवाज असा, की प्रत्येक कॉलेजचा एक तरी गडी संघात हवा. नाहीतर प्राचार्य रुसतात.

"आमचं कासव घ्या," तळ्यावरच्या कॉलेजचे प्राचार्य बेडूकराव म्हणाले. "फार शिस्तीचं आहे हो. एकदा बसवलं की हलत नाही."

"पण खो-खोत हलावं लागतं," मुंगूस म्हणाला.

"ते तुम्ही शिकवा की! कोच कशाला ठेवलाय?"

कासव आलं. मागोमाग मोर आला, रानडुक्कर आलं, हत्तीसाहेबांच्या भावाचं पिल्लूही डुलत डुलत आलं. सशाची वर्णी कशीबशी लागली.

सामन्याचा दिवस उजाडला. खो-खोत पाठलाग करणारे ओळीने बसतात, एकाचं तोंड इकडे, तर दुसऱ्याचं तिकडे. मोर अडून बसला. "प्रमुख पाहुण्यांकडे पाठ? आमच्या घराण्यात चालत नाही." सशाने कासवाला खो दिला, तर त्याने मान आत ओढून घेतली. हत्तीच्या पिल्लाला खो मिळाला, पण ते उठेपर्यंत डाव संपला. पळतीच्या डावात एकटा ससा तेवढा शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही. पण एकट्याने किती पळणार? संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला.

"गेली नोकरी," मुंगूस घरी येऊन बायकोला म्हणाला. तिने पिल्लांच्या पुढ्यातलं ताट त्यांच्या जरा जवळ सरकवलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. निवड समितीच होती ती, फक्त चहा नवा होता.

"आठ जण गुण्यागोविंदाने बसलेत आणि हा एकटाच उड्या मारतोय," बेडूकराव म्हणाले. "संघभावना म्हणून काही आहे की नाही?"

"आगाऊ आहे ससा. काढून टाका," सगळे म्हणाले.

हत्तीसाहेबांनी सोंड हलवली. "मुंगूस सर, तुमचं काय मत? तुम्ही हो म्हणालात तर निर्णय एकमताने होईल. सगळ्यांशी जुळवून घेणारे शिक्षक आम्हाला कायम हवे असतात."

मुंगसाने खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर ससा एकटाच सराव करत होता. मग मुंगसाला घरची पिल्लं आठवली. त्याने मान डोलावली.

ससा शेजारच्या जंगलात गेला आणि पुढच्या वर्षी त्या जंगलासाठी चषक घेऊन आला. झालं! आपल्या विद्यापीठाने 'आमचा माजी विद्यार्थी' म्हणून त्याचा जंगी सत्कार ठेवला. व्यासपीठावर मुंगूस सर बसले होते. आता कायम, त्यामुळे खुर्चीला गादी.

शाल-श्रीफळ घेऊन ससा सरळ मुंगूस सरांच्या पाया पडला. "सर, तुम्ही तेव्हा मला काढलंत म्हणून माझं सोनं झालं. केवढा लांबचा विचार केलात माझ्यासाठी!"

पोर अगदी मनापासून बोलत होतं. मोर, कासव, बेडूकराव, सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मुंगसाला वाटलं, आत्ता इथे एखादं बीळ मिळालं तर किती बरं होईल. पण फोटो काढायचा होता. तो हसला.

तात्पर्य : बाळांनो, चांगल्या खेळाडूला संघातून वेळेवर काढावं. त्याचं भलं होतं, आपली नोकरी पक्की होते आणि पुढेमागे सत्कार करायला कुणीतरी लागतंच.