नाव रिकामं सोडलेलं मानपत्र

अख्ख्या भोरात लेखक एकच, आणि तो म्हणजे रघुवीरराव चांदोरकर! हे मी म्हणत नाही, रघुवीरराव म्हणायचे. दिवसातून दोनदा म्हणायचे. एकदा जंगलखात्याच्या कचेरीत, एकदा घरी पाटावर बसल्यावर. कचेरीतले लोक मान डोलवायचे, कारण रजेचे अर्ज रघुवीररावांच्याच टेबलावरून पुढे जात. घरी बायको, नलू, विचारायची, "भात वाढू?"

या एका प्रश्नाने रघुवीररावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माणसाने तीनशे बारा पानांची ऐतिहासिक कादंबरी लिहावी, तिला 'कडेलोटाचा कैदी' असं दणदणीत नाव द्यावं, पुण्याहून छापून आणावी, आणि बायकोने म्हणावं भात वाढू! बरं, तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण न खपलेल्या प्रतींचा गठ्ठा तिने माजघरात लोणच्याच्या बरणीखाली ठेवला होता. जमिनीला ओल येते म्हणून!

"अगं, ते वाङ्मय आहे!"

"अहो, पण कोरडं आहे," नलू शांतपणे म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून रघुवीरराव जास्तच चिडले.

असं सगळं धुमसत असताना अडतीस सालच्या पौषात उपेंद्र वकील घरी आले. हे वाचनालयाचे चिटणीस. तोंडात कायम पान, आणि कायम घाईत.

"रघुवीरराव, यंदा वाचनालयाला पंचवीस वर्षं होतायत. आपल्या मुलखातल्या एका ग्रंथकाराचा सत्कार करायचा ठरलाय. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र तुम्ही लिहून द्या."

"मी?" रघुवीरराव सरसावून बसले.

"तुमच्यासारखी भाषा कोणाची आहे? फक्त नाव रिकामं सोडा. ते आम्ही मागाहून घालू."

"नाव ठरलं नाही वाटतं अजून?"

"ठरलंय हो! पण समारंभापर्यंत बोलायचं नाही असा ठराव आहे," असं म्हणून उपेंद्र वकील हसले.

आता उपेंद्र वकील कशालाही हसत. अशिलाला सहा महिने सक्तमजुरी झाली तरी हसत बाहेर येत. पण रघुवीररावांनी त्या हसण्याचा घ्यायचा तो अर्थ घेतला. मुलखात ग्रंथकार एक. सत्कार एका ग्रंथकाराचा. हिशेब सरळ होता! समिती बिचारी लाजत होती इतकंच. आणि स्वतःचं मानपत्र स्वतः लिहायला काय हरकत आहे? दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर काहीतरी राहून गेलं असतं!

रविवारी खोलीचं दार लावून ते बसले आणि त्यांनी काहीही राहू दिलं नाही. साहित्यसूर्य झालं, शारदेचा लाडका सुपुत्र झालं, तलवारी झाल्या, घोडे झाले, राजकन्येचा विलाप झाला. मग स्वतःच्या कुरळ्या केसांचा उल्लेख केला. शेवटी, टाक पुसून ठेवून त्यांनी दार उघडलं, तर नजर माजघरातल्या बरणीकडे गेली आणि डोकं फिरलं. त्यांनी पुन्हा टाक उचलला आणि लिहिलं: 'घरच्यांची हेटाळणी मुकाट्याने सोसून आपण ही सेवा केलीत. आपण असा हिरा आहात, ज्याचे मोल चुलीपुढे बसणारीस कधीच कळले नाही.' चारशे लोकांसमोर हे वाचलं जाईल आणि नलू ऐकेल! ऐकू दे! एकदा कळू दे तिला!

मानपत्र त्यांनी स्वतःच छापखान्यात नेलं आणि वेलबुट्टीची चौकट निवडली. नावासाठी जागा किती सोडायची, असं छापणाऱ्याने विचारलं, तेव्हा स्वतःचं नाव संपूर्ण लिहून त्याची लांबी मोजून दिली. उपेंद्र वकिलांनी छापून आलेला कागद गुंडाळीतच घेतला, कारण त्यांना कोर्टात जायचं होतं. आणि मानपत्र आधी वाचतं कोण? ते वाचायची वेळ सभेत येते.

समारंभाच्या दिवशी दुपारी चार वाजता वाचनालयापुढचा मांडव भरला. रघुवीररावांनी धुतलेलं उपरणं घेतलं, पगडी नीट बसवली आणि पहिल्या रांगेत जागा धरली. नलूला बजावलं होतं, "बायकांत अगदी पुढे बस. ऐकण्यासारखं आहे." ती पुढे बसली. तिच्या शेजारी मार्गासनीची एक शेतकरीण, धोंडाबाई, येऊन टेकली. मार्गासनीहून चार बैलगाड्या भरून लोक आले होते. रघुवीररावांना वाटलं, आपली कीर्ती वेल्ह्याच्या वाटेपर्यंत गेली! त्यांचा ऊर भरून आला.

अध्यक्ष पुण्याहून यायचे होते, पण त्यांची मोटार कापूरहोळला बसली. मग उपेंद्र वकीलच उभे राहिले आणि त्यांनी पान गालात सरकवलं.

"मंडळी, ज्यांच्या ग्रंथाच्या सहा प्रती आमच्या वाचनालयात वाचून वाचून फाटल्या, ते 'जनावरांची दुखणी व घरचे इलाज' या पुस्तकाचे कर्ते, मार्गासनीचे श्रीयुत रखमाजी रेणुसे यांनी पुढे यावं!"

रघुवीरराव अर्धे उठलेले होते. ते तसेच अर्धे राहिले.

जनावरांची दुखणी! बत्तीस पानांचं चोपडं! हा ग्रंथ? आणि हा ग्रंथकार? मार्गासनीच्या लोकांमधून मुंडासं बांधलेला एक ठेंगणा म्हातारा खांद्यावरचं घोंगडं सावरत, टाळ्यांच्या कडकडाटात व्यासपीठावर चढत होता. 'कडेलोटाचा कैदी' वाचनालयातून आजवर एकदाच बाहेर गेली होती, आणि तीही रघुवीररावांच्याच सहीने. पण म्हणून काय म्हशीचा वैद्य? रघुवीररावांच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. निघून जावं, असं त्यांच्या मनात आलं.

"आणि मानपत्राचं वाचन," उपेंद्र वकील म्हणाले, "ज्यांनी ते लिहिलं, ते आपले रघुवीरराव करतील."

आता सांगा, काय करायचं? 'हे यांच्यासाठी नाही' म्हणावं, तर मग कोणासाठी, असं लोक विचारणार! आणि ते एकदा फुटलं की जन्मभर भोरच्या बाजारपेठेतून मान वर करून चालायची सोय नाही. रघुवीरराव दात खात वर गेले. कागद हातात घेतला. तिथे, त्यांनी मोजून सोडलेल्या त्यांच्या स्वतःच्या जागेत, ठळक शाईने 'रखमाजी रेणुसे' लिहिलेलं होतं, आणि पुढे चार बोटं जागा शिल्लक होती.

"साहित्यसूर्य, शारदेचे लाडके सुपुत्र श्रीयुत रखमाजी रेणुसे यांस," त्यांनी सुरुवात केली. "आपल्या ग्रंथात तलवारींचा..." इथे ते अडखळले. "विळ्यांचा! विळ्यांचा खणखणाट ऐकू येतो. घोड्यांच्या... म्हशींच्या टापांनी दऱ्याखोरी दुमदुमतात!"

मार्गासनीकर एकमेकांकडे पाहू लागले.

"राजकन्येचा..." रघुवीररावांना घाम फुटला. "पारडीचा विलाप वाचून पाषाणास पाझर फुटतो!"

"कोणची पारडी?" रखमाजींनी हळूच विचारलं. "म्या तर पोट फुगल्यावर त्याल पाजायचं लिवलंय."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने रघुवीररावांचं पित्त खवळलं. माझ्या भाषेला हसता? माझ्या? त्यांनी आवाज चढवला आणि कागदावर होतं ते धाडधाड वाचत सुटले. "आपल्या विपुल, कुरळ्या केसांखाली जे प्रतिभेचे भांडार दडले आहे..."

रखमाजींनी मुंडासं काढून स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. मांडव हसून हसून लोळायला लागला. रघुवीररावांना आता काही दिसत नव्हतं. नुसत्या संतापाने ते वाचत होते, जे वगळायला हवं होतं तेही वाचत होते: "घरच्यांची हेटाळणी मुकाट्याने सोसून आपण ही सेवा केलीत. आपण असा हिरा आहात, ज्याचे मोल चुलीपुढे बसणारीस कधीच कळले नाही!"

"थांबा!"

बायकांच्या बाजूने धोंडाबाई उठली होती. पदर खोचलेला, डोळे लालबुंद. हसणं जागच्या जागी थांबलं.

"चुलीपुढं बसनारी म्हंजी म्याच की! म्या हेटाळनी केली? चाळीस वर्सं! ह्ये जनावरं बघाया गावोगाव हिंडायचे, मागं समदं शेत म्या वढलं! लिवाया बसले तवा चिमणी धरून म्या बसली! आन् आता चारचौघांत म्हनं मोल कळलं न्हाई? कारभारी, ह्ये तुमी सांगितलंत शेरातल्या लोकांना?"

"आगं, देवाची आन!" रखमाजी रडकुंडीला आले. "म्या येक अक्षर बोललो न्हाई! कुरळं क्यास म्हनाले तवाच मला वाटलं, हितं कायतरी चुकतंय!"

"मग कुनी लिवलं?"

रखमाजी रघुवीररावांकडे वळले. हातात आलेली, अजून न पांघरलेली शाल त्यांनी टेबलावर ठेवली. थट्टा कळण्याइतका म्हातारा शहाणा होता आणि त्याचाही पारा आता चढला होता.

"रावसाब, म्या मागाया आलो नव्हतो. तुमी बोलावलं, आमी चार गाड्या जुपून आलो. माजी थट्टा करा, म्या खपवून घीन. पर माज्या मान्साला ह्ये बोल कशापायी? ह्याचा जबाब मिळस्तंवर म्या शाल घ्येनार न्हाई!"

चार गाड्यांतले सगळे मार्गासनीकर उभे राहिले. उपेंद्र वकील पहिल्यांदाच हसायचे थांबले. "रघुवीरराव, सांगा ना! तुम्हीच लिहिलंय!"

रघुवीरराव हातातला कागद गुंडाळू लागले. खरं सांगितलं तर अब्रू जाणार, आणि नाही सांगितलं तर एका बाईचं चाळीस वर्षांचं कष्टाचं जिणं त्यांच्या एका वाक्यापायी मातीत जाणार होतं. ते कळत होतं हो त्यांना! पण अब्रू सोडवत नव्हती.

तेवढ्यात धोंडाबाईच्या शेजारून नलू उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

"धोंडाबाई, तुम्ही खाली बसा. ते तुमच्याबद्दल नाही. कुरळे केस कोणाचे आहेत ते पगडी काढायला सांगून बघा. चुलीपुढे बसणारी मी आहे."

क्षणभर कोणाला उमगलं नाही. मग चारशे माणसांनी एकदम रघुवीररावांच्या पगडीकडे पाहिलं. त्यानंतर जो हशा उसळला, तो नीरेच्या पलीकडे ऐकू गेला असेल! रघुवीरराव पगडी दोन्ही हातांनी धरून तिथेच उभे राहिले.

धोंडाबाई मात्र हसली नाही. तिने नलूचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "बाई, ह्येंची तरी म्या कधी तोंडावर तारीफ केली न्हाई. पर ह्येंनी असं लिवलं नसतं."

रखमाजींनी शाल घेतली, नारळ घेतला. मानपत्राची गुंडाळी मात्र त्यांनी रघुवीररावांच्या काखेत खोचली. "ह्ये तुमचं हाय, रावसाब. आमाला काय उपेगाचं न्हाई."

घरी जाताना नलू दहा पावलं पुढे चालत होती. रघुवीरराव मागून रागारागाने ढांगा टाकत होते. उपेंद्रवर राग, म्हशींवर राग, आणि सगळ्यात जास्त, सगळ्यांदेखत तोंड उघडणाऱ्या बायकोवर राग! घरात शिरताच त्यांनी गुंडाळी खाली आपटली.

"एवढं काय झालं होतं? एक वाक्य लिहिलं! अलंकार होता तो! लेखनात असे अलंकार असतात, तुला काय कळणार!"

नलूने गुंडाळी उचलली, उलगडली, आणि वरपासून खालपर्यंत एकदा शांतपणे वाचली.

"साहित्यसूर्य हे खरं?" तिने विचारलं.

रघुवीरराव पगडी खुंटीला अडकवायला वळले.

"शारदेचे लाडके सुपुत्र, तेही खरं? हिरा, तोही खरा? बाकी सगळं खरं, आणि तेवढाच अलंकार?"

आता तुम्हीच बघा, सुटका किती सोपी होती! 'सगळाच अलंकार होता,' एवढं म्हटलं की संपलं. तीनच शब्द! नलूही वाट पाहत दारात उभी होती. रघुवीररावांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तेवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलू मुक्काम हलवून सारोळ्याला माहेरी गेली, ती होळीनंतर परत आली. तोवर रघुवीरराव रोज स्वतःच्या हाताने पिठलं करून खात होते. ते रोज खाली लागायचं, आणि चूल पेटवायला कागद लागेल तशी, गठ्ठ्यावरची लोणच्याची बरणी थोडी थोडी खाली येत होती.