आज किती टक्के?

पोलिसांनी पकडलं नाही म्हणून ज्याचं तोंड उतरतं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे मोतीराम नाना. दर मंगळवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते राहनाळच्या नाक्यावर जायचे, कॅमेऱ्यांच्या खांबाखाली उभे राहायचे आणि स्टुडिओत फोटो काढायला आल्यासारखी मान वर करायचे. शेजारच्या चौकीतून शेळके हवालदार बाहेर आले की नाना खूश. मग ठरलेला प्रश्न यायचा, "आज किती टक्के?"

नाना माझे शेजारी. आमची इमारत त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. तळमजल्यावर ते एकटेच राहतात आणि त्यांच्या डोक्यावर मी. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणजे मुलं ज्या तासाला डबा खातात तो विषय. नाना भिवंडीत पस्तीस वर्षं जॉबर होते, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. लूम सुटले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. माझा मिक्सर त्यांनी दुरुस्तीला नेला आणि तीन दिवस ठेवला. एक स्क्रू फिरवायचा, मिक्सर चालवायचा, कान लावून ऐकायचं, नापसंतीची मान हलवायची, तोच स्क्रू परत पूर्वीसारखा करायचा आणि मग दुसऱ्याला हात घालायचा. मी घाई केली तर म्हणाले, "बाई, एका येळेला एकच नट फिरवायचा. दोन फिरवले तर खोट कशात व्हती ता कवाच कलत न्हाय." मिक्सर आजही उत्तम चालतो. ओल्या नारळाच्या तीन दिवसांच्या चटण्या तेवढ्या बुडाल्या.

तर टक्क्यांची गोष्ट. नाक्यावर चेहरा ओळखणारे कॅमेरे बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड बघायचं, हव्या असलेल्या लोकांच्या यादीशी ताडून पाहायचं आणि जुळलं की हवालदाराच्या मोबाईलवर घंटी वाजवायची, असं ते यंत्र. आठवडाभरातच त्याने नानांना धरलं. नाना बाजारातून निवट्या, म्हणजे खाडीची मासळी, घेऊन येत होते. चौकीत दोन तास बसवलं, आधार कार्ड पाहिलं, मला बोलावून ओळख पटवली. मी गेले तेव्हा पिशवीतल्या निवट्यांनी चौकीचा ताबा घेतला होता आणि पंखा फुल करून शेळके नाकाला रुमाल लावून बसले होते.

"पन माजा तोंड जुलला कोनाशी?" नाना विचारत होते.

"ते सांगता येत नाही, नाना. गोपनीय आहे."

"त्याचा गुन्हा तरी कंचा?"

"ते आमच्याकडेही येत नाही. वरून नुसता आकडा येतो. एकसष्ट टक्के."

"एकसष्ट!" नाना माझ्याकडे वळून म्हणाले. "मॅट्रिकला मना येवढे न्हाय भेटले कवा."

सगळे हसलो. येताना मात्र नाना मध्येच थांबून मागे खांबाकडे बघत होते. मला वाटलं, निवट्या फुकट गेल्या म्हणून.

पुढच्या मंगळवारी ते आपण होऊन कॅमेऱ्याखाली गेले. त्याच्या पुढच्या मंगळवारी मिशी बारीक करून गेले. मग मिशी साफ काढून. मग टोपी घालून, मग चष्म्याने, मग केस मागे फिरवून. दर वेळी एकच बदल. परत आले की भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीने लिहायचे, 'मिशी न्हाय – अडुसष्ट. चष्मा – अठ्ठावन्न.' एकदा कवळी काढून गेले आणि जिन्यातूनच मला हाक मारली. "बाई, एकोनऐंशी! डिस्टिंक्शन!" वर पेढा दिला. बिनदाताचं ते हसू पाहून मी आपली काळजीत पडले. निवृत्त माणूस, बायको जाऊन पाच वर्षं झालेली, लेक खारबावला दिलेली. एकटेपणाने डोक्यावर परिणाम व्हायला वेळ लागत नाही, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलंसुद्धा. स्टाफरूमला असं काही सांगितलेलं फार आवडतं.

मग ती हळद झाली. समोरच्या घरच्या हळदीला नाना जेवायला बसले होते. नाक्यावरून जाताना पुन्हा घंटी वाजली असणार, आणि त्या दिवशी शेळके सुट्टीवर होते. अनोळखी पोलिसांची गाडी थेट मांडवापाशी आली आणि हातातलं ताट खाली ठेवायला लावून नानांना घेऊन गेली. बँड थांबला. संध्याकाळी सोडलं, पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं त्यांना 'वाँटेड नाना' म्हणायला लागली आणि मोठी माणसं आपल्या घराची दारं जरा लवकर ओढून घ्यायला लागली.

माझं डोकं फिरलं. वीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले की माणसाचं स्वातंत्र्य कायद्याशिवाय हिरावता येत नाही; अलीकडे त्यात खासगीपणाच्या मूलभूत हक्काचीही भर पडली. आणि इथे माझ्या शेजाऱ्याला एक खांब हळदीतून उठवत होता. मी चार पानी अर्ज लिहिला. कोणत्या कायद्याने हे यंत्र लावलं? या यादीत फोटो कोण घालतं, कुणाला विचारून? निरपराध माणसाने आपलं नाव काढायचं तर दाद कुठे मागायची? एखाद्याचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय तुम्ही वापरता कसा? अर्ज इतका चांगला उतरला होता की मीच तो दोनदा वाचला.

नाना सही करेनात. "नको बाई. चाललाय ता बरा हाय."

"घाबरता काय? मी आहे ना!"

"घाबरत न्हाय. पन नको."

ते घाबरलेत असंच मी धरून चालले. इमारतीतल्या आम्ही सात जणांनी सह्या केल्या आणि मी अर्ज देऊन आले. संमतीवर चार पानं लिहिली होती. ज्याच्यासाठी लिहिली त्याची संमती तेवढी नव्हती. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही, आणि आता ते लक्षातून जात नाही.

सरकारी कारभार एरवी कसा चालतो ते आपण जाणतोच. नेमकं याच वेळी दीड महिन्यात उत्तर आलं. 'सदर छायाचित्राचा स्रोत उपलब्ध नसल्याने ती नोंद यादीतून कायमस्वरूपी काढून टाकण्यात आली आहे.' मी पेढे घेऊन खाली गेले. नाना खुर्चीत बसले होते. दोन मंगळवार ते खांबाखाली उभे राहून आले होते आणि चौकीतून कुणीही बाहेर आलं नव्हतं. यंत्र बिघडलं असेल असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मी कागद वाचून दाखवला. नानांनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही.

"कायमचा?" त्यांनी विचारलं.

"कायमचा. आता कुणी हात लावणार नाही तुम्हाला."

"बाई," ते म्हणाले, "तो कमलू व्हता."

कमळाकर हा नानांचा धाकटा भाऊ. दोन वर्षांचं अंतर, पण चेहरेपट्टी इतकी सारखी की लूमवर शेठ एकाला शोधून दुसऱ्याला शिव्या द्यायचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका दुपारी तो कारखान्यातून निघाला तो परत आला नाही. आई तक्रार करायला सांगत होती. नानांनी केली नाही. पुढे भावकीने सांगितलं की इतकी वर्षं पत्ता नाही, कायद्याने मेलाच म्हणायचा, सात-बाऱ्यावरचं त्याचं नाव काढून टाका. नानांनी तेही केलं नाही. आजही आमच्या इमारतीच्या मागच्या तुकड्यावर दोघांची नावं आहेत.

नाना उठले, कॅलेंडरापाशी गेले आणि बोटाने एकेक मंगळवार दाखवू लागले. "यो बघ. मिशी काढली, टक्के वाढले. म्हंजे त्याला मिशी न्हाय. चष्मा लावला, उतरले. म्हंजे अजून बिनचष्म्याचा बघतो. केस मागं फिरवले, वाढले. कवली काढली, वाढले." इथे त्यांचं बोट कॅलेंडरावरच थांबलं. "म्हंजे दात पडले त्याचे. माज्यापेक्षा धाकटा तो, बाई. कोनी करून दिली न्हाय त्याला कवली."

वर्षभर हा माणूस स्वतःच्या तोंडाचा एकेक नट फिरवून भावाचा चेहरा जुळवत होता. आणि मी स्टाफरूममध्ये त्याला वेड लागल्याचं सांगत होते. मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही.

"नाना, यंत्र चुकतं हो. तो दुसराच कुणी असेल," मी म्हणाले. म्हणजे माझ्या मनाला जरा बरं वाटावं म्हणून म्हणाले.

"असंल. पन अठ्ठावीस वर्सांत मना दुसरा कोन बोल्ला, की तुज्यासारखा कोनतरी कुठंतरी हाय म्हनून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चौकीत गेलो. शेळक्यांनी बिचाऱ्यांनी दोन-चार ठिकाणी फोन केले. फोटो गेला होता. कुठल्या शहरातून आला, कुणी पाठवला, कशासाठी, कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या अर्जातला एकेक प्रश्न खरा निघाला आणि त्यातल्या एकाचंही उत्तर कुणाकडे नव्हतं.

"हरवल्याची तक्रार द्या, नाना," शेळके म्हणाले. "उशीर झालाय, पण देता येते. फोटो लागेल त्याचा."

भावाचा फोटो घरात नव्हता. नाना स्टुडिओत गेले. मिशी साफ, केस मागे, चष्मा नाही, कवळी खिशात. तो फोटो त्यांनी शेळक्यांच्या टेबलावर ठेवला. "यो घ्या. त्र्याऐंशी टक्के हाय. शेवटच्या घंटीला याच तोंडाला भेटले व्हते."

शेळके फोटोकडे बघत राहिले. "अहो, हे तुम्हीच. हा यंत्रात घातला तर पहिले तुम्हालाच पकडू आम्ही."

"पकडा की. मी कुठं न्हाय बोलतो?"

फॉर्म भरायला मी घेतला. नाव, वय, उंची, बांधा. वयाच्या रकान्यात चौतीस लिहायचं की बासष्ट, यावर जरा थांबलो, बासष्ट लिहिलं. शेवटचा रकाना होता, घर सोडण्याचं कारण.

"घरगुती वाद लिहा," शेळके सवयीने म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

"न्हाय," नाना म्हणाले. "तसा नका लिवू." त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग सांगू लागले. कमळाकरच्या लूमचा धोटा, म्हणजे धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी ठोकळा, त्या दुपारी उडाला, पन्नास मीटर कापड फाटलं, बाजूच्या कारागिराचा डोळा थोडक्यात वाचला. नानांनी सगळ्या खात्यादेखत कमळाकरच्या थोबाडीत मारली. नीट लक्ष देत नाहीस, म्हणाले. तो चपलाही न घालता बाहेर पडला. नानांनी नंतर लूम उघडला आणि एकेक नट तपासत गेले.

"लिव बाई," नाना म्हणाले. "नट मीच ढिला ठेवला व्हता."

मी शेळक्यांकडे पाहिलं. त्यांनी 'लिहा' अशी मान हलवली. मी तेवढंच लिहिलं, आणि नानांनी सहीसाठी माझ्या हातातून पेन ओढून घेतलं.